परदेशी न्यायनिवाडे : शोध आणि पडताळणी

परदेशातील निवाड्यांशी आपला काय संबंध, असे कायद्याच्या विद्यार्थ्याला कोणी विचारील. उत्तर निकालपत्रांतच आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात राखीव जागांचा विचार करताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतील निवाड्यांचीही चर्चा केली. उलट, दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९५ साली मक्वान्याने खटल्यात फाशीची शिक्षा रद्द करताना भारतातील बच्चनसिंग खटल्याचा (१९८०) विचार केला, पण तो मार्ग स्वीकारला नाही.

विद्यार्थी मित्रहो, शोधाची पहिली पायरी म्हणजे संदर्भांक वाचणे. '३४७ यू.एस. ४८३' म्हणजे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचा ३४७ वा खंड, पृष्ठ ४८३. हा १९५४ चा ब्राऊन खटला होय. '[१९९५] झेडएसीसी ३' यात वर्ष, न्यायालय व त्या वर्षातील निवाड्याचा क्रमांक आहे. पक्षकारांच्या नावांत घोटाळा होऊ शकतो, संदर्भांकाने नेमका निवाडा हाती येतो.

दुसरी पायरी, शोधाची जागा. इंटरनेटवर ऑस्ट्रेलियासाठी 'ऑस्टलिआय' (१९९५ पासून), ब्रिटन व आयर्लंडसाठी 'बेलिआय', कॅनडासाठी 'कॅनलिआय', दक्षिण आफ्रिकेसाठी 'सॅफलिआय' असे विनामूल्य संग्रह आहेत. 'वर्ल्डलिआय'वर अनेक देशांचा शोध एकत्र घेता येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे 'ई-एससीआर' २०२३ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे. महागडे ग्रंथ घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला ही मोठीच सोय आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. बँकेत चेक वठविण्यापूर्वी 'पेमेंट थांबवा' अशी सूचना आली आहे काय, हे आम्ही पाहतो. निवाड्याचेही तसेच आहे. १८९६ च्या प्लेसी खटल्यात अमेरिकी न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळे डबे वैध ठरविले होते. ब्राऊन खटल्यात शाळांतील असा वेगळेपणा घटनाबाह्य ठरला. १९७८ च्या बॅके खटल्याने विद्यापीठ प्रवेशात वंश हा एक घटक मानण्यास वाव दिला, परंतु २०२३ मध्ये हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने तशी प्रवेशपद्धती अवैध ठरविली. आज केवळ बॅकेचा आधार देणाऱ्याचा युक्तिवाद एका प्रश्नात कोसळेल.

याशिवाय निवाडा कोणत्या न्यायालयाचा, बहुमताचा भाग कोणता व भिन्नमत कोणते, हेही नोंदवावे. सारांशावर न विसंबता मूळ परिच्छेद वाचावा.

शेवटी एक भान ठेवावे. घटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा भारतातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. परदेशी निवाडा फक्त मार्गदर्शक. म्हणून आधी आपली घटना, मग आपले निवाडे आणि त्यानंतर जगाचा अनुभव, हाच क्रम ठेवावा. म्हणजे आपली बाजू लहान असली तरी पक्की राहील.