आधी माणसे मोजा, मग गाड्या



जुने गोवे येथे बॉम जीझस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंस आहेत. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनास लाखो भाविक आले. अशा ठिकाणी वाहनतळ केवढा हवा, हे कसे ठरवावे?

आपण हिशेब करू. समजा, एका वेळी १,००० माणसे आली. मोटारीत ४ जण धरल्यास मोटारी २५०. वाटेसह प्रत्येकीस २५ चौ. मीटर, म्हणजे ६,२५० चौ. मीटर. तीच माणसे ५० जणांच्या बसने आली तर बसगाड्या २०. वळणासह प्रत्येकीस १०० धरले तरी २,००० चौ. मीटर पुरे.

गर्दीची किंमत आपल्या डिचोली तालुक्याने ३ मे २०२५ रोजी शिरगावच्या जत्रेतील चेंगराचेंगरीत मोजली आहे. म्हणून नकाशावर रुग्णवाहिकेची वाट पहिली आखावी, वाहनतळ नंतर.

गृहपाठ: शाळा सुटताना शिक्षकांसह फाटकाच्या आत उभे राहून १५ मिनिटे दुचाकी, मोटारी व बस मोजा आणि तक्ता भरा. तो आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवू. पालकांनी फाटकासमोरची वाट मोकळी ठेवावी, ही विनंती.