प्रवासासाठी एकच भिंग

इ.स. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रती करण्याच्या कामी नेमणूक केली. गिल हा कसबी चित्रकार होता. वाघोरा नदीच्या त्या निर्जन दरीत त्याने आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. त्याने रंगविलेल्या भव्य प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांपैकी बहुतेक जळून खाक झाल्या. पुढे १८७२ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्याने आरंभिले. परंतु त्यांच्याही प्रतींपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. गिलने कॅमेराही हाताळला होता. त्याने टिपलेली लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली पुस्तकरूपाने लंडन येथे प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाच्या अनेक प्रती निघाल्या होत्या. साहजिकच कोणतीही एक आग त्या साऱ्यांना गिळू शकली नाही.

अजिंठ्याची मूळ चित्रे आजही झिजत आहेत. त्यांचे एखादे स्वच्छ, स्पष्ट छायाचित्र घेऊन ठेवणे हे काम आता कोणाही सामान्य प्रवाशाच्या आवाक्यात आले आहे. मात्र त्यासाठी कॅमेऱ्याबरोबर कोणते भिंग न्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समजा, एक गृहस्थ वेरूळ आणि अजिंठा पाहावयास निघाले आहेत. त्यांच्याजवळ भिंग बदलता येणारा एक कॅमेरा आहे, खांद्याला एकच लहान पिशवी आहे आणि एकच भिंग विकत घेण्यापुरते पैसे आहेत. त्यांनी कोणते भिंग निवडावे?

प्रथम कॅमेऱ्याकडे पाहू. पूर्वीच्या ज्या कॅमेऱ्यांत भिंगातूनच दृश्य पाहण्याची सोय असे, त्यांत भिंग आणि फिल्म यांच्या मध्ये एक तिरपा आरसा बसविलेला असे. तो आरसा दृश्य वर डोळ्याकडे फेकी आणि बटण दाबताच क्षणभर बाजूला सरके. त्याच्या हालचालीसाठी आत पुरेशी मोकळी जागा ठेवणे भाग होते. पुढे फिल्मची जागा प्रकाश टिपणाऱ्या विद्युत्-संवेदकाने घेतली. संवेदकावर पडलेले दृश्य सरळ एका छोट्या पडद्यावर दाखविता येऊ लागले, तेव्हा आरशाचे प्रयोजनच उरले नाही. आरसा नसलेल्या अशा कॅमेऱ्याला ‘मिररलेस’ म्हणतात. भिंग बदलता येणारा अशा प्रकारचा पहिला कॅमेरा पॅनासोनिक कंपनीने २००८ साली विक्रीस आणला. निकॉन कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत भिंग बसविण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. २०१८ साली निघालेल्या तिच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत ते केवळ १६ मिलिमीटर आहे. आरसा गेल्यामुळे कॅमेरा सडपातळ झाला. भिंग मात्र आपोआप लहान झाले नाही, ही गोष्ट अनेक ग्राहक विसरतात. चपटा कॅमेरा आणि पुढे लोट्यासारखे जड भिंग अशी जोडी गळ्यात अडकवून हिंडणारे प्रवासी हमखास दिसतात!

भिंगावर जे आकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ कळण्यासाठी वर्गातले साधे बहिर्वक्र भिंग पुरेसे आहे. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ते धरून मागेपुढे केले असता एका ठिकाणी बाहेरच्या झाडाचे उलटे, रेखीव चित्र भिंतीवर उमटते. त्या वेळी भिंग आणि भिंत यांमधील जे अंतर असते, तेच जवळजवळ त्या भिंगाचे नाभीय अंतर होय. नाभीय अंतर जितके जास्त, तितके चित्रातील झाड मोठे. परंतु कॅमेऱ्यात चित्र पकडणाऱ्या संवेदकाची लांबी-रुंदी ठरलेली असते. त्यामुळे झाड मोठे दिसू लागले की आसपासचे दृश्य चौकटीबाहेर जाते. ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद संवेदकावर २४ मिलिमीटरचे भिंग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ८४ अंशांचा प्रदेश सामावून घेते. ५० मिलिमीटरचे भिंग सुमारे ४७ अंशांचा आणि २०० मिलिमीटरचे अवघा १२ अंशांचा.

ज्या भिंगाचे नाभीय अंतर हाताने कडे फिरवून कमीअधिक करता येते, त्याला झूम भिंग म्हणतात. त्याच्या नळीत अनेक भिंगे असतात आणि त्यांतील काही गट पुढेमागे सरकतात. स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी असे भिंग प्रथम १९५९ साली फोक्टलेंडर या जर्मन कंपनीने बाजारात आणले. त्याचा आवाका ३६ ते ८२ मिलिमीटर होता. आज त्याहून कितीतरी मोठ्या आवाक्याची भिंगे मिळतात आणि निवडीचा घोळ तेथेच सुरू होतो.

आता त्या गृहस्थांच्या प्रवासाकडे वळावे. वेरूळचे कैलास लेणे डोंगर वरून खाली खोदून घडविले आहे. मंदिराची उंची सुमारे ३० मीटर. मंदिराभोवती प्रांगण आहे आणि प्रांगणाच्या कडेला डोंगराची ताशीव भिंत. कॅमेरा उभा धरून ३० मीटर उंचीचे शिल्प चौकटीत संपूर्ण बसवायचे, तर २४ मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे २० मीटर दूर उभे राहावे लागते. ३५ मिलिमीटरला हेच अंतर २९ मीटर होते, आणि ५० मिलिमीटरला जवळजवळ ४२ मीटर. प्रांगणाच्या दोन्ही अंगांना इतके मागे सरकावयास जागाच नाही. पाठ खडकाला टेकते. म्हणून भिंगाचा लहान आकडा २४ असणे येथे अगत्याचे आहे. २८ पासून सुरू होणारी काही भिंगे हलकी आणि चांगली आहेत. २८ आणि २४ यांत फरक तो काय, असे कागदावर वाटते. कैलासाच्या प्रांगणात त्या चार मिलिमीटरांची किंमत तीन मीटरांहून अधिक भरते.

याच मंदिराच्या दक्षिण अंगाला कैलास पर्वत हलविणाऱ्या रावणाचे प्रसिद्ध शिल्प आहे. वर, शिखराच्या अंगावर, अनेक मूर्ती नजरेच्या टप्प्यात पण हाताच्या टप्प्याबाहेर आहेत. तेथे मोठे नाभीय अंतर हवे. अजिंठ्यास दरीच्या पलीकडील टेकडीवरून पाहिले असता लेण्यांची घोड्याच्या नालासारखी संपूर्ण रांग दिसते. तेथे २४ मिलिमीटर उपयोगी. परंतु त्याच टेकडीवरून एखाद्याच चैत्याची कमान वेगळी काढायची, तर २०० मिलिमीटरही अपुरे वाटावे.

म्हणजे सर्वांत मोठ्या आवाक्याचे भिंग घ्यावे काय? दुकानातील विक्रेता बहुधा हाच सल्ला देतो, कारण मोठा आकडा चटकन विकला जातो. त्याला उत्तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या आत मिळते. पद्मपाणीच्या चित्रासमोर मंद उजेड असतो. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या स्मारकांत तिपाई लावावयाची तर परवानगी काढावी लागते. तेव्हा असेल त्या उजेडात, हातात कॅमेरा धरूनच चित्र टिपायचे. येथे भिंगाचे द्वार किती मोठे उघडते, यावर सारे अवलंबून असते. नाभीय अंतराला द्वाराच्या व्यासाने भागले असता जी संख्या येते, ती भिंगावर ‘एफ’ या अक्षरापुढे लिहितात. ही संख्या लहान, तर प्रकाश अधिक. प्रकाशाचे प्रमाण या संख्येच्या वर्गाच्या व्यस्त असते. म्हणून एफ/४ पेक्षा एफ/२.८ दुप्पट प्रकाश आत घेते, आणि एफ/६.३ च्या मानाने एफ/४ सुमारे अडीचपट. समजा, एखादे चित्र एफ/४ ला सेकंदाच्या पंधराव्या भागात टिपता येते, तर एफ/६.३ ला त्यासाठी सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागेल. तेवढ्या अवधीत माणसाचा हात हलतो आणि बोधिसत्त्वाच्या पापण्या पुसट होतात.

या गृहस्थांचा कॅमेरा निकॉनचा ‘झेड’ मालिकेतील आहे असे धरले, तर त्यांच्यासमोर मुख्यतः चार भिंगे येतात. २४ ते ७० मिलिमीटरचे एफ/२.८ हे भिंग अत्यंत प्रकाशग्राही आहे, पण २०१९ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीचे वजन ८०५ ग्रॅम आहे. त्याच आवाक्याचे एफ/४ भिंग ५०० ग्रॅमचे असून काम नसताना त्याची नळी आत दुमडून ठेवता येते. २४ ते २०० मिलिमीटरचे भिंग ५७० ग्रॅमचे. त्याचे द्वार २४ ला एफ/४ असते, परंतु कडे पुढे फिरविताच आकसत जाऊन शेवटी एफ/६.३ वर येते. चौथे २४ ते १२० मिलिमीटरचे, ६३० ग्रॅम वजनाचे, आणि आरंभापासून अखेरपर्यंत एफ/४ असणारे.

दोनशेचे भिंग वजनाने एकशेवीसच्या भिंगापेक्षा हलके आणि आवाक्याने मोठे आहे. मग ते का नको? येथे एक हिशेब करून पाहावा. कॅमेऱ्याच्या संवेदकावर ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदू आहेत असे धरू. १२० मिलिमीटरने घेतलेल्या चित्राचा मधला भाग २०० मिलिमीटरच्या दृश्याइतका कापून घेतला, तर ३६०० गुणिले २४०० म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदू शिल्लक राहतात. इंचाला ३०० बिंदू या उत्तम छपाईच्या मापाने त्यातून १२ इंच लांब व ८ इंच रुंद चित्र छापता येते. या पाठ्यपुस्तकाच्या पानाला ते भरपूर झाले. म्हणजे लांब पल्ल्यात राहिलेली उणीव घरी बसून बऱ्याच अंशी भरून काढता येते. लेण्याच्या अंधारात न मिळालेला प्रकाश घरी आणता येत नाही. रुंदीचेही तसेच. शेजारशेजारची अनेक छायाचित्रे टिपून ती जोडण्याची युक्ती आहे खरी, परंतु माणसांची वर्दळ असलेल्या ठिकाणी तिचा भरवसा धरू नये.

या कारणांमुळे त्या गृहस्थांसाठी २४ ते १२० चे भिंग सर्वांत उचित ठरते. त्यातून ३५ सेंटिमीटर अंतरावरील वस्तूही स्पष्ट टिपता येते, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. स्तंभावरील बोटभर कोरीवकाम त्यामुळे चौकटभर होते. ज्यांचे गुडघे पायऱ्यांना कुरकुरतात, त्यांनी ५०० ग्रॅमचे भिंग घ्यावे आणि १३० ग्रॅम ओझे वाचवावे. ज्यांना केवळ भित्तिचित्रांचाच अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्यासाठी तर झूमपेक्षा ५० मिलिमीटरचे एफ/१.८ हे स्थिर भिंग बरे. ते एफ/४ च्या सुमारे पाचपट प्रकाश घेते. पण त्या भिंगाने कैलास मंदिर टिपण्याची आशा सोडून द्यावी लागेल.

कॅमेऱ्यातच किंवा भिंगात हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा असते काय, हेही खरेदीपूर्वी पाहावे. सामान्यतः नाभीय अंतर जितके मिलिमीटर, सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षा जास्त वेळ हात स्थिर राहत नाही असा ठोकताळा आहे. म्हणजे १२० मिलिमीटरला सेकंदाचा १२० वा भाग. ही यंत्रणा असल्यास त्याच्या कितीतरी पट अवधी चालतो. अर्थात ती फक्त छायाचित्रकाराचा हात सावरते. समोर मूल धावत असेल, तर ते पुसटच येणार. भिंत आणि मूर्ती धावत नाहीत, म्हणून लेण्यांत तिचा मोठा आधार होतो.

सर्वच कॅमेऱ्यांचे संवेदक इतके मोठे नसतात. सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरच्या संवेदकावर भिंगाच्या आकड्याला दीडने गुणावे, म्हणजे मोठ्या संवेदकावरील समान दृश्य मिळते. फुजिफिल्मचे १६ ते ८० मिलिमीटरचे भिंग त्या हिशेबाने २४ ते १२० चेच काम करते आणि त्याचे वजन ४४० ग्रॅम आहे. संवेदक लहान असल्याने अंधारात चित्र काहीसे रवाळ येते. वजनातील बचत आणि हा दोष यांचा तोल ज्याने त्याने पाहावा.

भिंग विकत घेताना आपला कॅमेरा दुकानात न्यावा. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून भिंगाच्या लहान आणि मोठ्या, अशा दोन्ही टोकांना त्याचे छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे मोठी करून वाचावीत. तीन कोपरे स्वच्छ आणि चौथा पुसट असेल, तर कॅमेरा भिंतीला समांतर धरून पुन्हा एकदा पाहावे. तरीही तोच कोपरा पुसट राहिला, तर आतील एखादे भिंग तिरपे बसलेले असण्याचा संभव आहे, आणि तो नग परत करावा. जुने भिंग स्वस्तात मिळत असल्यास ते उजेडासमोर धरून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी होय. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की कपाटात बंद करून ठेवलेल्या चांगल्या भिंगावरही ती चढते. म्हणून सहलीहून परतल्यावर भिंग चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे आणि पुड्यांतील दाण्यांचा रंग बदलला की त्या नव्या घालाव्यात.