विश्वास आणि आज्ञापालन

मनुष्याचे तारण विश्वासाने होते की आचरणाने, हा ख्रिस्ती धर्मातील जुना प्रश्न आहे. पौल विश्वासावर भर देतो. याकोब विचारतो, उघड्या-उपाशी बांधवाची नुसत्या गोड शब्दांनी बोळवण केली, तर तो विश्वास काय कामाचा? आम्हांस यात विरोध दिसत नाही. एक मुळाविषयी बोलतो, दुसरा फळाविषयी. फळे देऊन मूळ विकत मिळत नाही. पण फळच न धरणारे मूळ जिवंत कसे म्हणावे?

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र पाहा. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले. तरीही आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, खुद्द ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. तो लाभल्यावर सेवा थांबली नाही, वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील शेकडो निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. त्यातून केडगावचे मुक्ति सदन उभे राहिले. ती सेवा तारणाची किंमत नव्हती. ते कृतज्ञ मनाचे आज्ञापालन होते.

कुराणातही ईमान आणि सत्कर्म ही जोडी वारंवार येते. म्हणून या महोत्सवी वर्षी बेल्लमपल्लीतील आपण सर्व सभासदांनी स्वतःस एवढेच विचारावे : आपल्या श्रद्धेने कोणाच्या घरची चूल पेटली?