कळा सुरू व्हायच्या आधीच विचारून घे

छोटे, डोहाळजेवण झालं, ओटी भरून झाली, आता तू धुळ्याहून माहेरी येशील. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत मला आवडते. पण त्या रीतीत एक अडचण आहे, ती आत्ताच कानावर घालते. सात-आठ महिने धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी तुला तपासलं. तुझं बीपी, तुझं रक्त, तुझा घाबरटपणा, सगळं त्यांना ठाऊक झालं. आणि ऐन शेवटी तू पारोळा-एरंडोल ओलांडून जळगावात अशा डॉक्टरांपुढे बसणार, ज्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही. बाई अनोळखी असली की डॉक्टर जोखीम घेत नाहीत. जरा इकडचं तिकडे दिसलं की सिझरचं नाव निघतं. म्हणून नववा लागायची वाट पाहू नकोस. फाईल, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट घे आणि आधीच एकदा येऊन इथल्या डॉक्टरांना भेटून जा.

भेटशील तेव्हा सरळ विचार. तुमच्याकडे पहिलटकरणींपैकी कितीजणींचं सिझर होतं? रात्री डॉक्टर इथेच असतात की फोन केल्यावर येतात? कळांच्या वेळी माझ्याजवळ माझी बहीण राहिली तर चालेल का? विचारायला संकोच वाटेल, मला माहीत आहे. पण लग्नाचा हॉल ठरवताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, आणि इथे मान खाली घालून ‘हो’ म्हणतो, हे बरं नाही. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ मध्ये हीच मागणी केली होती, की प्रत्येक रुग्णालयाने आपलं सिझरचं प्रमाण लोकांना सांगावं. त्यांच्या अर्जावर लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

आकडे सांगते, म्हणजे ताई उगाच घाबरवते असं वाटायला नको. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरातली साधारण १४ बाळंतपणं सिझरने झाली, खाजगीत ४७. आपल्या महाराष्ट्रात एकूण प्रमाण २५ टक्के, पाच वर्षांपूर्वी ते २० होतं. आता तूच विचार कर. गुंतागुंतीच्या बायका तर खाजगीवाले शेवटी सिव्हिललाच पाठवतात. मग सरकारीतला आकडा खाली आणि खाजगीतला वर कसा?

लोक म्हणतात, पैशांसाठी. पैसा आहेच, पण एवढंच कारण नाही. मी प्रसूतिकक्षात रात्रपाळ्या काढल्या आहेत. आपल्याकडच्या छोट्या हॉस्पिटलात एकच डॉक्टर, भूल देणारे बाहेरून बोलवायचे, शिकलेल्या नर्स कमी. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालल्या तर त्या माणसाने दिवसाची ओपीडी करून रात्रभर जागायचं कसं? आणि बाहेर बाकावर सगळा गोतावळा. दर अर्ध्या तासाने कुणीतरी दार ठोठावणार, ‘एवढा वेळ का लागतोय? करा ना सिझर, मोकळी करा पोरीला.’ आत ती बिचारी, गर्भाशयाचं तोंड तीनच सेंटिमीटर उघडलेलं, उताणी, हाताला सलाईन, शेजारी घरचं कुणी नाही. तिच्या शरीराचं काही चुकलेलं नसतं. तिला फक्त वेळ आणि जवळ बसणारं माणूस हवं असतं.

म्हणून पहिली कळ आली की बॅग उचलून धावू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की खऱ्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब सगळ्याजणींना लावू नये. कळा थांबून थांबून येताहेत, पाणी गेलेलं नाही, रक्त नाही, बाळ फिरतंय, तर डॉक्टरांना फोन करून विचार, आणि ते म्हणाले तर घरी थांब. घरात फेऱ्या मार, थोडं खा. दवाखान्यातही डॉक्टर हो म्हणतील तर उताणी पडून राहू नकोस. चालत-फिरत, बसत-उठत राहिलं की पहिला टप्पा तासाभराने तरी लवकर सरतो. आणि मी येणारच आहे. जवळ आपलं माणूस सतत असलं की सिझर कमी होतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

तुझी तारीख जूनची, म्हणजे एप्रिल-मेचं ऊन पोटात बाळ घेऊन काढायचं आहे. आपल्या खान्देशातला उन्हाळा तुला मी काय सांगू! पाणी, ताक पीत राहा. ‘पोटातलं पाणी कमी झालंय’ असं एका सोनोग्राफीत आलं आणि बाळ बाकी छान असेल, तर भरपूर पाणी पिऊन पुन्हा तपासता येईल का, हे विचार. गळ्याभोवती नाळ म्हटल्यावरही लगेच रडू नकोस. तीन-चार बाळांत एकाच्या गळ्याला ती असते आणि बहुतेक बाळं सुखरूप खालूनच येतात. आणि मुहूर्त काढून पोट फाडायची गोष्ट घरात कुणी काढली, तर माझ्याकडे पाठव. मी बोलते त्यांच्याशी.

पहिल्या वेळेचा एवढा आग्रह का धरते? एकदा टाका पडला की पुढच्या खेपेलाही बहुतेक ठिकाणी सिझरच होतं, आणि प्रत्येक टाक्यागणिक वार जुन्या व्रणाला चिकटायचा धोका वाढतो. वहिनींच्या वेळी तिसऱ्या खेपेला हे आपण पाहिलंय.

पण एक लक्षात ठेव. बाळाचे ठोके पडले, रक्त जाऊ लागलं, वार खाली असली, बीपी चढून डोळ्यांपुढे अंधारी आली आणि डॉक्टरांनी सिझर म्हटलं, तर एक मिनिट वाद घालायचा नाही. चोपडा-यावलच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर, शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात अजूनही बायका वेळेत सिझर न मिळाल्याने जिवाला मुकतात. तिकडे ते कमी पडतं, शहरात जास्त होतं. ज्या बाईला लागेल तिला मिळावं, बाकीच्यांवर लादू नये, इतकंच माझं म्हणणं.

खर्चाचीही धास्ती नको. जळगावच्या आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत बाळंतपण मोफत आहे, सिझर लागलं तर तेही. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, जेवण, गाडी सगळं येतं. जावईबापूंनाही हे सगळं वाचून दाखव, म्हणजे बाहेर बाकावर घाई करणाऱ्यांना ते आवरतील. आणि येत्या तपासणीला धुळ्याच्या बाईंकडून फाईलमध्ये सगळं नीट लिहून घे. विसरू नकोस.