धरण भरण्याआधीच पाणी का सोडतात?

प्रश्न : भातसा धरण काठोकाठ भरण्याआधीच दरवाजे उघडतात. हे पाणी साठवत का नाहीत?
– एक वाचक, सापगाव

उत्तर : मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात असतो, त्यामुळे सोडलेले पाणी वाया गेल्यासारखे वाटते. पण तुडुंब धरण पूर अडवू शकत नाही. जेवढे पाणी येईल तेवढे लगेच सोडावे लागते. थोडी जागा राखली, तर तोच लोंढा हळूहळू सोडता येतो. पुढे पाऊस रुसला तर? म्हणूनच पातळी टप्प्याटप्प्याने वाढवून पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरतात. शिवाय मुंबईसाठी हे पाणी नदीतूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते. एकदम सोडलेला लोंढा काठ खरवडतो, गाळ उचलतो आणि शुद्धीकरण अवघड करतो. सावकाश विसर्गातच गावाचे आणि पाण्याचे हित आहे. इशारा मिळताच नदीपात्रापासून दूर राहा.