पोटात गोळा का येतो?

जुहूच्या वाळूवर किंवा एखाद्या जत्रेत हाताने फिरवायचा लहानसा पाळणा तुम्ही पाहिला असेलच. लोखंडी सांगाडा, चार-सहा पेट्या आणि दांड्याला लोंबकळून तो फिरवणारा माणूस. उंची जेमतेम दुमजली घराएवढी. आता त्याच्या शेजारी मनाने लंडनचा प्रसिद्ध पाळणा, ‘लंडन आय’, उभा करा. उंची १३५ मीटर, म्हणजे चाळीस मजल्यांहून अधिक. आता सांगा, या दोहोंपैकी कोणत्या पाळण्यात पोटात गोळा येईल?

वर्गात हा प्रश्न विचारला, की बहुतेक हात लंडनच्या बाजूने वर होतात. आपण मात्र हात वर करण्याआधी थोडे गणित करू.

वर्तुळात फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला केंद्राच्या दिशेने त्वरण असते. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले, की ते मिळते. जुहूच्या पाळण्याची त्रिज्या ३ मीटर धरा आणि एका फेरीला ६ सेकंद लागतात असे समजा. परीघ सुमारे १८.८ मीटर, म्हणून वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर. त्वरण येते साधारण ३.३ मीटर प्रतिसेकंद वर्ग. गुरुत्व त्वरण ९.८ असल्यामुळे हे त्याच्या एक तृतीयांश झाले. पेटी सर्वांत वर असताना तुमचे वजन तुम्हाला एक तृतीयांशाने कमी जाणवेल आणि सर्वांत खाली तेवढेच जास्त. दर ३ सेकंदांनी हा बदल! लंडनच्या पाळण्याची त्रिज्या ६० मीटर आहे खरी, पण एका फेरीला तो सुमारे अर्धा तास घेतो. त्याचे त्वरण काढून पाहा. ते गुरुत्व त्वरणाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरते. तिथे जायचे ते शहर पाहायला. पोटाला काही कळत नाही.

म्हणजे उंची हे उत्तर नव्हे. मग वेग असेल का?

तेही नाही. विमान ताशी ८००-९०० किलोमीटर वेगाने जात असते आणि आत प्रवासी निवांत चहा पीत असतात. बोरिवलीची जलद लोकल एका वेगाने धावत असली, की दाराजवळ उभ्या असलेल्या माणसाला हात सोडून वर्तमानपत्र वाचता येते. अंधेरी जवळ आली आणि ब्रेक लागला, की मात्र सारा डबा पुढे झुकतो. एकसारखा वेग शरीराला कळतच नाही. कळतो तो वेगातील बदल. तो बदल किती झटपट होतो, हेही कळते. या दुसऱ्या गोष्टीला आपण साध्या भाषेत हिसका म्हणतो. चांगल्या पाळण्याचा सारा खेळ या दोन गोष्टींचा आहे. बदल भरपूर हवा आणि हिसका बेताचा हवा.

उपनगरांतल्या मुलांना रोलर कोस्टरची ओळख बहुधा गोराईच्या एस्सेलवर्ल्डने करून दिली. हे उद्यान १९८९ साली सुरू झाले. बोरिवलीहून गोराईच्या खाडीतून किंवा मालाडच्या मार्व्याहून बोटीने पलीकडे जायचे. घाटकोपर-मुलुंडच्या मुलांना त्याआधी लोकल बदलण्याचा द्राविडी प्राणायाम. २०२२ साली ते बंद झाले. तिथल्या ‘झिपर डिपर’ या कोस्टरमध्ये बसलेले आज पालक किंवा शिक्षक झालेले असतील. त्यांना विचारा, सर्वांत भीती केव्हा वाटली? पुष्कळजण सांगतील, गाडी खाली सुटली तेव्हा नव्हे, तर ती वर चढत होती तेव्हा.

याला कारण आहे. पहिल्या चढावर गाडीला स्वतःचा जोर नसतो. साखळी तिला हळूहळू ओढून नेते. ‘खट् खट् खट्’ असा आवाज येत राहतो. गाडीखालची एक लोखंडी जीभ रुळांमधल्या दातेरी पट्टीवर पडत जाते, त्याचा हा आवाज. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ती जीभ असते. गंमत पाहा, ज्या आवाजाने छाती धडधडते, तो आपल्या सुरक्षिततेचाच आवाज!

शिखरावर पोहोचताच साखळीचे काम संपते. तिने दिलेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जेत बदलते आणि पुढचा सारा प्रवास त्याच भांडवलावर होतो. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ या कोस्टरची उंची सुमारे ४० मीटर आहे. २ × ९.८ × ४० याचे वर्गमूळ काढा. उत्तर २८ येते, म्हणजे सेकंदाला २८ मीटर, ताशी सुमारे १०० किलोमीटर. या सूत्रात वस्तुमान कुठेच नाही, हे ध्यानात घ्या. घर्षण व हवेचा रोध मात्र वाटेत आपला कर वसूल करतात. म्हणून पुढची कोणतीही टेकडी पहिलीएवढी उंच ठेवता येत नाही.

आता त्या गोळ्याकडे वळू. समजा, २० मीटर त्रिज्येच्या कमानीसारख्या टेकडीवरून गाडी सेकंदाला १४ मीटर वेगाने जात आहे. १४ चा वर्ग १९६, भागिले २० म्हणजे ९.८. बरोबर गुरुत्व त्वरणाएवढे! त्या क्षणी आसन तुम्हाला मुळीच वर रेटत नाही. गाडी आणि तुम्ही दोघेही सारखेच पडत असता. एरवी पोटातले जठर, आतडी वगैरे अवयव आपल्या वजनाने खाली ओढलेले असतात. त्यांचा तो ताण एकाएकी नाहीसा होतो आणि आपण म्हणतो, पोटात गोळा आला. तीच गाडी पुढे २० मीटर त्रिज्येच्या खोलगट भागातून सेकंदाला २० मीटर वेगाने गेली, तर त्वरण २० येते, म्हणजे गुरुत्वाच्या साधारण दुप्पट. त्यात आपले नेहमीचे वजन मिळवा. ४० किलोग्रॅमच्या मुलाला आपण १२० किलोग्रॅमचे झालो आहोत असे वाटेल. हात उचलणेही जड जाईल. शून्यापासून तिपटीपर्यंतचा हा प्रवास दोन-तीन सेकंदांत घडतो. माझ्या मते उत्तम कोस्टरची पहिली परीक्षा हीच. नुसता वेग देणारी गाडी लवकर विसरली जाते. वजनाशी खेळणारी लक्षात राहते.

कुठे बसावे, असे मुले हमखास विचारतात. पहिल्या उतारावर तरी मागचा डबा बाजी मारतो. पुढचा डबा शिखर ओलांडतो तेव्हा मागची गाडी अजून चढावर असते, म्हणून तो रेंगाळतो. शेवटचा डबा शिखरावर येईपर्यंत उरलेली गाडी उतारावर धावू लागलेली असते आणि ती त्याला खेचून नेते. समोरचा मोकळा देखावा हवा असेल, तर मात्र पुढे बसा.

आता हिसक्याची गोष्ट. अमेरिकेत कोनी आयलंड येथे १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी सुरू झाली. ती प्रवाशांना उभ्या वर्तुळातून उलटे फिरवून आणी. वर्तुळ अगदी बरोबर गोल होते आणि तेच चुकले. माना दुखावल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. असे का व्हावे? वर्तुळाच्या माथ्यावरून गाडी खाली न पडता जायची, तर तिथे वेगाचा वर्ग निदान त्रिज्या गुणिले गुरुत्व त्वरण एवढा हवा. तळाशी येईपर्यंत ती व्यासाएवढी खाली आलेली असते, म्हणून तिथे वेगाचा वर्ग याच्या पाचपट होतो. म्हणजे त्वरण गुरुत्वाच्या पाचपट. त्यात नेहमीचे वजन मिळवले, की झाले सहापट, आणि ते सुद्धा कमीत कमी! सपाट रुळावरून वर्तुळात शिरताच एका क्षणात एकाचे सहा. मान बिचारी काय करील?

यावरचा उपाय लोहमार्ग बांधणाऱ्यांना ठाऊक होता. लोकलचा रूळ वळताना सरळ रेषेतून एकदम वर्तुळात शिरत नाही. मध्ये एक असा भाग ठेवतात, की ज्याची वक्रता हळूहळू वाढत जाते. जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगल यांनी याच जातीची वक्ररेषा उभ्या फेऱ्यासाठी वापरली. १९७६ साली कॅलिफोर्नियातील ‘रिव्होल्यूशन’ या कोस्टरवर ती आली. असा फेरा तळाशी पसरट आणि माथ्यावर आखूड असतो. पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. तळाशी वेग जास्त असतो, तिथे त्रिज्या मोठी. माथ्यावर वेग कमी, तिथे त्रिज्या लहान. त्यामुळे भार बेताचा राहतो आणि तो चढतो सावकाश. कोठल्याही आधुनिक कोस्टरचे चित्र पाहा, अचूक गोल फेरा बहुधा सापडणार नाही.

डोळ्यांचाही यात वाटा आहे. फलाटाजवळून जाताना लोकल भरधाव वाटते आणि दूरच्या इमारतींकडे पाहिले तर रेंगाळते. म्हणून कसबी रचनाकार रूळ मुद्दाम खांबांजवळून किंवा भुयारातून नेतात. वेग तोच, पण भासतो दुप्पट. आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकृती नलिकांमधला द्रव डोके वळल्याची खबर मेंदूला देत असतो. डोळे एक सांगतात आणि कान दुसरेच, असे फार वेळ चालले, की मळमळू लागते. एकाच दिशेने गरगरा फिरवणारे पाळणे यात अव्वल. मला तरी ते कधी मानवले नाहीत.

आणि भीती म्हणजे धोका नव्हे, हे कशावरून? चांगल्या कोस्टरच्या चाकांकडे पाहा. काही चाके रुळाच्या वर, काही बाजूला आणि काही चक्क रुळाच्या खाली असतात. खालच्या चाकांचे पेटंट अमेरिकेतील जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतले. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून ती असतात. त्यांच्याविना टेकडीवरचा तो गोळा जिवावरच बेतला असता. मार्गाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी सोडतात, अगदी लोकलच्या सिग्नलप्रमाणे. हवेच्या दाबावर चालणारे पुष्कळ ब्रेक असे बसवतात, की दाब असेल तोवरच ते उघडे राहतात. दाब गेला, की आपोआप आवळले जातात. लहान जत्रेत पाळण्यावर चढण्यापूर्वी दोन मिनिटे नुसते उभे राहून पाहा. दांडी प्रत्येकाची नीट लागते का? चालक ती हाताने ओढून पाहतो का? सांगाडा हलतो का? समाधान झाले नाही, तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, परत फिरा. मित्र हसतील, हसू द्या.

आता एक उपकरण करा. पारदर्शक प्लॅस्टिकची हातभर नळी घ्या. एक रबरबँड कापून त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधा आणि दुसरे टोक नळीच्या वरच्या बुचाला आतून अडकवा. नट स्थिर लोंबत असेल तिथे नळीवर ‘१’ लिहा. आणखी एक तसाच नट बांधून तो जिथे येईल तिथे ‘२’ लिहा व जादा नट काढून टाका. नळीचे खालचे तोंड बंद करा. इमारतीच्या लिफ्टमध्ये ही नळी उभी धरून वर जा आणि खाली या. लिफ्ट सुटताना आणि थांबताना नट कोठे सरकतो, मधल्या मजल्यांवर कोठे असतो, ते वहीत लिहा. मग गादीजवळ उभे राहून नळी सरळ वर फेका आणि झेला. मित्राला मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करायला सांगा. नळी हातातून सुटल्यावर नट वर ओढला जातो, तो फक्त खाली येताना की वर जातानाही? आधी अंदाज लिहा आणि मगच चित्रण पाहा.