हिवाळी सल्ला: पाळलेले परके पक्षी-प्राणी आणि बांधावरचे वन्यजीव

दिवाळी सरते, ऊसतोड सुरू होते आणि हरभरा फुलावर येतो, तसे पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात ठरावीक प्रश्न येऊ लागतात. बटेर पाळायला परवाना लागतो का, टर्कीची पिल्ले पहिल्याच आठवड्यात का मरतात, एमूची अंडी कोण घेतो, हे प्रश्न एका दारात विचारले जातात. उसात सापडलेल्या बछड्यांचे काय करायचे आणि रोह्यांनी खाल्लेल्या हरभऱ्याची भरपाई कुठे मागायची, हे दुसऱ्या दारात. कागदावर ही दोन वेगळी खाती असली तरी शेतावर ती एकमेकांना भिडलेली असतात. तलावावर उतरलेल्या बदकांचा रोग शेडमध्ये येतो आणि शेडमागे टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर बिबट्या येतो. हिवाळ्यात तर हे दोन्ही जास्तच घडते.

पाळायला काय चालते

प्राणी रानटी भारतीय जातीचा आहे की पाळीव, हे आधी पाहावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या परिशिष्टांत असलेला कोणताही प्राणी विनापरवाना पकडणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे. तो आपल्याच शेतात सापडला तरी मालकी सरकारची. त्यामुळे न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीचा ससा पाळता येतो, पण उसातून पकडलेला रानससा पिंजऱ्यात ठेवता येत नाही. मोर, तारा कासव, घोरपड, खवले मांजर यांना तर हातही लावू नये. घरोघरी पिंजऱ्यात दिसणारा आपला हिरवा पोपटही संरक्षित आहे, ही गोष्ट अजून अनेकांना खरी वाटत नाही.

परदेशी जातींचे नियम वेगळे आहेत. २०२२ ची कायदा दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जाती, म्हणजे आफ्रिकन ग्रे पोपट, मकाव, इग्वाना वगैरे, तिच्यामुळे स्वतंत्र परिशिष्टात आल्या. असे प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. २०२४ मध्ये त्याचे नियमही निघाले. फार्महाऊसवर शोभेसाठी असे पक्षी ठेवणाऱ्यांनी खरेदीची पावती आणि नोंदणीचा कागद हाताशी ठेवावा. विक्रेता ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर तो व्यवहार करूच नये.

बटेर

बटेर म्हणजे जपानी लाव्ही. हा पक्षी १९७४ मध्ये भारतात आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संशोधन संस्थेने त्याच्या सुधारित जाती तयार केल्या. गवतातून भुर्रकन उडणारे आपले रानलावे निराळे आणि संरक्षित. या दोहोंच्या सारखेपणामुळेच २०११ मध्ये केंद्राने बटेरपालनाचे नवे परवाने रोखले होते. पुढे बंधने सैल झाली, तरीही शेड बांधण्यापूर्वी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून सध्याची स्थिती विचारून घेतलेली बरी.

पाच आठवड्यांत मांसासाठी तयार होणारा आणि सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येणारा हा पक्षी कमी जागेत पैसा फिरवतो, हे खरे. पण थंडीतले पहिले दहा दिवस सगळा हिशेब ठरवतात. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅम वजनाचे असते. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३५ ते ३७ अंश सेल्सिअस ऊब द्यावी आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी उतरवावी. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगावा. डोक्यावरच्या खांबाला लावलेला उपयोगाचा नाही. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी आहे, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर जास्त आहे. पहाटे तीन ते सहा या वेळेत वीज गेली तर अख्खी तुकडी एका कोपऱ्यात गोळा होऊन खालची पिल्ले गुदमरतात. म्हणून शेगडीची किंवा इन्व्हर्टरची सोय असल्याशिवाय डिसेंबर-जानेवारीत पिल्ले आणू नयेत.

थंडीइतकीच पिल्ले पाण्यात बुडूनही मरतात. कोंबडीच्या पिल्लांचे पाण्याचे भांडे बटेरच्या पिल्लाला विहिरीसारखे असते. भांड्याच्या कडेच्या खाचेत स्वच्छ धुतलेले बारीक खडे किंवा गोट्या भराव्यात. खड्यांच्या मधून चोच जाते, अंग जात नाही. तुसावर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरण्याची सवयही मोडावी. त्यावर पाय घसरून पिल्ले फेंगडी होतात आणि असे पाय पुन्हा सरळ होणे अवघड असते. पहिले तीन-चार दिवस गोणपाट किंवा खरबरीत पुठ्ठा चालतो. थंडी अडवायला चारी बाजूंचे पडदे रात्रभर घट्ट बांधले जातात आणि सकाळी शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात. हा अमोनिया पिल्लांनी रात्रभर हुंगलेला असतो. पडद्याची वरची वीतभर पट्टी उघडी ठेवावी आणि ओला झालेला तूस रोज काढावा. अंड्यावरच्या मादीला दिवसाचा आणि दिव्याचा मिळून १४ ते १६ तास उजेड लागतो, हेही दिवस लहान असताना विसरू नये.

टर्की, गिनी कोंबडी, ससे

टर्कीची पिल्ले पुष्कळदा उपाशी मरतात, तीही खाद्य समोर असताना. त्यांना खाद्य-पाणी चटकन ओळखता येत नाही. पाण्यात रंगीत गोट्या टाकाव्यात, खाद्यावर चिरलेला हिरवा पाला पसरावा आणि पहिले दोन दिवस प्रत्येक पिल्लाची चोच पाण्यात बुडवून दाखवावी. टर्की आणि देशी कोंबड्या एका आवारात ठेवू नयेत. कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण तिच्या आतड्यातल्या जंतांबरोबर येणारा ‘ब्लॅकहेड’ टर्कीचे यकृत निकामी करतो. कोंबड्यांच्या जुन्या जागेवर टर्की सोडणेही त्याच कारणाने धोक्याचे. गिनी कोंबडी काटक असते, थंडीत तिची अंडी बहुतेक बंद असतात, तेव्हा आत्ता तिच्याकडून उत्पन्न धरू नये. परका माणूस, साप किंवा रानमांजर दिसताच ती जो गलका करते, तेवढ्यासाठी मात्र दोन-चार जरूर ठेवाव्यात.

सशांना हिवाळा मानवतो. उन्हाळ्यात नर निकामी होतात, म्हणून पैदाशीचा भर आत्ताच असतो. मादी ३० ते ३१ दिवसांनी विते. २७व्या-२८व्या दिवशी पिंजऱ्यात कोरड्या गवताची पेटी ठेवावी. त्यात ती स्वतःच्या अंगाचे केस उपटून अंथरते. पिल्ले उघडी, डोळे मिटलेली असतात. मादी त्यांच्याजवळ बसत नाही, दिवसातून एकदा-दोनदाच पाजते. ‘हिने पिल्ले टाकली’ असे समजून लोक ती दुसरीकडे हलवतात आणि मग ती खरोखरच मरतात. पोट गोल आणि कातडी तुकतुकीत असेल तर पिल्ले पोसली जात आहेत असे समजावे.

एमू

एमू हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. भारतात त्याच्या अंड्यांचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च, म्हणून हिवाळ्यातच त्याची चौकशी वाढते. मादी सहसा संध्याकाळी गडद हिरवे, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे अंडे घालते. उबवणीला सुमारे ५२ दिवस लागतात. इथवर सगळे सोपे असते. प्रश्न बाजाराचा आहे. २०१२ मध्ये तामिळनाडूच्या इरोड जिल्ह्यातील पेरुंदुराई भागात ‘पिल्ले आमच्याकडून घ्या, पक्षी आम्हीच परत घेऊ’ या बोलीवर उभ्या राहिलेल्या योजना कोसळल्या. हजारो गुंतवणूकदार अडकले. महाराष्ट्रातही अनेकांकडे पक्षी उरले, गिऱ्हाईक उरले नाही. या व्यवसायात तेल आणि मांसापेक्षा पिल्लांच्या जोड्याच जास्त विकल्या जात होत्या, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचे गिऱ्हाईक हा पुढचा नवा शेतकरीच होता.

म्हणून आज कोणी एमू, शहामृग किंवा दुसऱ्या कुठल्या नव्या प्राण्याची जोडी हमी खरेदीसह देऊ केली, तर मांस, तेल, अंडी प्रत्यक्ष खाणारा किंवा वापरणारा माणूस कोण आणि कुठल्या गावात, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पैसे गुंतवू नयेत. ज्यांच्याकडे आधीच एमू आहेत त्यांनी ते माळावर सोडून देऊ नयेत. पूर्ण वाढलेल्या एमूची लाथ माणसाला जायबंदी करते आणि सोडलेला पक्षी कुत्र्यांच्या तोंडी जातो.

बर्ड फ्लू

भारतातला कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात तो पुन्हा आढळला. दोन्ही घटना थंडीतल्याच. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तेही बर्ड फ्लूच्याच एच५एन१ विषाणूने. बटेर, टर्की, एमू कोणीही यातून सुटत नाही. उजनी, जायकवाडी यांसारख्या जलाशयांच्या आसपास शेड असेल तर जलाशयाचे पाणी थेट पक्ष्यांना पाजू नये. शेडच्या जाळीतून चिमणीही आत येता कामा नये आणि शेडमध्ये जाण्याच्या चपला वेगळ्या ठेवाव्यात. एकाएकी मोठी मरतूक झाली, तुरे-गलोल निळे पडले, तर मेलेले पक्षी ओढ्यात किंवा बांधावर न टाकता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. निदान झाल्यावर शासन पक्षी नष्ट करते त्याची भरपाई मिळते. आधी गुपचूप मेलेल्यांची मिळत नाही.

उसातले बछडे

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात बिबट्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आहेत. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचा निघाला. तोड सुरू झाली की आडोसा जातो आणि बछडे उघडे पडतात.

बछडे दिसताच त्या बाजूची तोड थांबवावी. उचलू नये, फोटोसाठी गर्दी करू नये, दूध पाजू नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बछड्यांची तपासणी झाल्यावर कर्मचारी त्यांना संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. रात्री मादी येऊन एकेक करून तोंडात धरून नेते. बछडे दूर नेले तर शोधात फिरणारी मादी जास्त आक्रमक होते, म्हणून ‘घेऊन जा एकदाचे’ हा आग्रह गावाच्याच अंगलट येतो. बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याचा उपाय जुन्नरमध्ये २००१ नंतर करून पाहिला गेला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वाढले होते.

सापडलेले प्रत्येक पिल्लू बिबट्याचे नसते. रानमांजराचे पिल्लू मातकट रंगाचे, पुसट पट्ट्यांचे आणि उंच कानांचे असते. वाघाटीचे त्याहून लहान, पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर पांढऱ्या रेघा. बिबट्याच्या बछड्याचे कान आखूड गोल, शेपटी जाड आणि ठिपके दाट. ओळख पटली नाही तरी कृती तीच, तिथेच सोडणे.

तोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या उसाला लागून बांधू देऊ नयेत. पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर लहान मुलांना एकटे सोडू नये. शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी हवी. तीन बाजूंच्या भिंती बिबट्याला अडवत नाहीत. विहिरीला कठडा नसेल तर या हंगामात बांधून घ्यावा. बिबट्या पडलाच तर वनखात्याचे पथक येईपर्यंत चार दोरांनी बाज सोडून त्याला टेकायला जागा द्यावी आणि लोकांना काठावरून हटवावे.

पिकाचे नुकसान

हरभऱ्यात रोही, मक्यात आणि भुईमुगात रानडुकरे, सिंधुदुर्गात आणि गोव्यात केळी-काजूच्या बागांत गवे, दोडामार्ग तालुक्यात हत्ती. उपाय प्रत्येकाचे निराळे, चूक मात्र सगळीकडे एकच होते, ती म्हणजे कुंपणात घरगुती वीज सोडणे. तिने रानडुकरापेक्षा गडी आणि शेजारची म्हैस आधी मरते, आणि शेतकऱ्यावर गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणात झटका क्षणभराचा आणि थांबून थांबून येतो, त्याने जीव जात नाही. त्यासाठी वनविभागाच्या योजनेतून अनुदानही आहे. तारेखालचे गवत दर आठवड्याला कापावे, नाहीतर दवात वीज गवतातून जमिनीत उतरते आणि सकाळी कुंपण असूनही शेत खाल्लेले असते. क्लचच्या तारेचे फासे आणि गावठी बॉम्ब लावणे गुन्हा आहेच, शिवाय त्यात बिबट्याही अडकतो. रोही आणि रानडुकरांचा उपद्रव फार असेल तर कायद्याने त्यांना मारण्याची परवानगी मागता येते. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावा. परवानगीशिवाय मारणे आणि मांस वाटून घेणे यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे.

भरपाईच्या अर्जांत उशीर हेच नाकारण्याचे नेहमीचे कारण असते. जनावर मारले गेले तर ४८ तासांच्या आत आणि पिकाचे नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवावे. मेलेले जनावर जागेवरून हलवू नये. पिकातील खुरांचे ठसे आणि उकरलेल्या सऱ्या यांचे फोटो शेजारी काडी किंवा चपला ठेवून काढावेत, म्हणजे आकार कळतो. सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत जोडावी. पंचनामा होईपर्यंत त्या पट्ट्यात कोळपणी किंवा पुन्हा पेरणी करू नये.